साखरेच्या बेटावरचा उपास

"आई, अगं त्या माणसांनी अख्खं घर पानात वाढलंय, आणि तू पिशवीतनं दशमी काय काढतेस!"

ओरडत होती तुमची लेक, म्हणजे माझी बायको शोभा. ओरडत होती फिलिपाईन्समधल्या नेग्रोस नावाच्या बेटावर, पण इकडे पुण्याजवळ मांजरी गावात तुमच्या ओट्यावर बसलेल्या माणसालाही ऐकू गेलं असणार. समोरच्या डोंगराच्या तोंडातून बारीक धूर येत होता, तो ज्वालामुखी दचकून गप्प झाला. अंगणात जमलेल्या आपल्या नव्या सोयऱ्यांना मराठीचा गंध नाही. त्यांना वाटलं, आपल्यात जेवणाआधीची प्रार्थना एवढ्या मोठ्यानं म्हणत असतील. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एका काकूंनी तर छातीवर क्रूस काढून 'आमेन' म्हटलं.

आणि आई, तुम्ही? तुम्ही दशमीचा तुकडा मोडलात, त्यावर शेंगदाण्याची चटणी ठेवलीत आणि म्हणालात, "वरड. बरं वाटंल."

हे वाचून तुम्ही काय म्हणाल्या असतात ते मला पाठ आहे. "पाव्हणं, निम्मं करून सांगा." तुमचा जावई झाल्यापासून मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट तुम्ही अशी मधोमध कापून परत दिलीत. मुठेचा पूर मी खिडकीपर्यंत चढवला की तुम्ही तो गुपचूप पायरीवर उतरवून ठेवायचात. बरं, ज्वालामुखी दचकला नसेल. पण काकू आमेन म्हणाल्या होत्या, आणि आमेनचं निम्मं करता येत नाही.

तुम्ही गेलात त्याला अजून महिनाही झाला नाही. पेपरात द्यायचा मजकूर मेहुण्यांनी लिहिला. त्यात नाव, गाव, वय, सगळं बरोबर होतं. फक्त तुम्ही कुठं नव्हतात. म्हणून म्हटलं आपण लिहावं. खोटं बोलणाऱ्या माणसाला कधीकधी जास्त आठवतं.

तर सई. तुमची नात, आमची एकुलती एक. खराडीच्या तिच्या कंपनीत जोएल नावाचा मुलगा काही महिन्यांसाठी म्हणून शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला आणि जाताना आमची मुलगी घेऊन गेला. लग्न मांजरीच्या कार्यालयातच लागलं. त्याचे आईवडील आले, पण आजीला विमान झेपण्यासारखं नव्हतं. तिकडे आजीला लोला म्हणतात. लोलानं निरोप धाडला की मला येता येत नाही, तर मुलीच्या आजीनं यावं आणि माझ्या अंगणात जेवावं. तिच्या मते दोन म्हाताऱ्या एका पंगतीला बसल्याशिवाय लग्न पुरं होत नाही.

तुम्ही एका शब्दानं तयार झालात. आम्हीच बावचळलो. पासपोर्टच्या फोटोत तुम्ही अशा बघताय, की शिक्का मारणारा साहेब उभा राहूनच मारत असेल. पण बॅग भरताना शोभाला आत दशम्या सापडल्या, धपाटे सापडले, चटणीचा डबा सापडला, आणि तळाशी, लुगड्यात गुंडाळलेला, फिरकीचा तांब्या.

तो तांब्या. मी त्याला चांगला ओळखतो.

लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. तुमच्या आईनं पाळलं, तुम्ही पाळलंत. आमचं लग्न झालं, आम्ही कोथरूडला दोन खोल्यांत संसार थाटला, तेव्हा तुम्ही मांजरीहून दोन बसा बदलून यायचात त्या फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या भरून घेऊन. दुपारभर बसायचात आणि स्वतःचं पाणी पिऊन परत जायचात. मी आग्रह करायचो. पुण्याच्या माणसाला झेपतो तेवढा करायचो, म्हणजे दोनदा. मग आपलं ताट ओढून घ्यायचो. शोभाच्या हातची भाकरी, तुमच्याच रानातली वांगी. मी असा जेवायचो की शेजारच्या बिऱ्हाडाला नुसत्या आवाजानं ढेकर यावा. तुम्ही भिंतीला टेकून, पदर सावरून, बघत बसायचात. सई झाली आणि बारशाच्या दिवशी तुम्ही आमच्या घरात पहिला घोट घेतलात, तेव्हा खडकवासल्याची पातळी उतरली म्हणतात. निम्मं करतो. आमचा माठ रिकामा झाला.

मला वाटलं, नियम तिथं संपला. तुमच्या लेखी तो फक्त एक पिढी खाली सरकला होता.

"आई, हे लेकीचं घर नाही, नातीचं आहे," शोभा बॅगेजवळ बसून म्हणाली.

"लेकीच्या लेकीचं हाय. म्हंजी डब्बल."

असा तुमचा तांब्या समुद्र ओलांडून गेला. विमानतळावर तपासणीच्या पोरीनं त्यातलं पाणी ओतायला लावलं, तर तिच्याकडे तुम्ही असं पाहिलंत की ती आजही तिथं नोकरीला असेल असं मला वाटत नाही.

नेग्रोस म्हणजे साखरेचं बेट. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधे नारळ, लांब समुद्र आणि वर तो धुराचा डोंगर. विमानतळावरून जाताना तुम्ही खिडकीतून बघत होतात आणि मी तुम्हाला स्थळं दाखवत होतो, जणू ते बेट मीच वसवलंय. तुम्ही एवढंच म्हणालात, "मांजरी हाय की. आपल्याकडं बिल्डर आलं त्याच्या आदीची."

तिथं 'कसे आहात' असं कोणी विचारतच नाही. 'काऊन ता' म्हणतात, म्हणजे 'चला, जेवू', आणि तुम्ही हो म्हणायच्या आत वाढून मोकळे. आमच्याकडे हाच प्रश्न 'जेवूनच आला असाल' असा विचारायची रीत, त्यामुळे मला पहिल्या दिवशी गहिवरूनच आलं. व्याह्यांचं घर खाली सिमेंटचं, वर बांबूचं. चपला दाराबाहेर काढायला लावल्या तेव्हाच मी ओळखलं, माणसं आपली आहेत. घरातली सगळी तरणी मंडळी एकेक करून आली, तुमचा हात हातात घेतला आणि आपल्या कपाळाला टेकवला. तो त्यांचा नमस्कार. तुम्हाला फार पसंत पडला. "कंबर वाचती," म्हणालात.

पण खायचं म्हटलं की तुमची पिशवी उघडायची. व्याह्यांकडे दशमी, जोएलच्या काकाच्या समुद्राकाठच्या घरी धपाटं. तिथं त्या काकानं माझ्यासमोर जो मासा ठेवला तो... लांब होता, एवढंच म्हणतो. तुम्ही दुकानातून स्वतःची बाटली आणून पाणी तांब्यात ओतून प्यायचात. मी सगळीकडे सांगत सुटलो की आमच्या आईंचं पोट नाजूक आहे. ज्या बाईनं उभ्या जन्मात बांधावर बसून लोखंड पचवलं, तिचं पोट नाजूक.

पोट कोणाला खरं वाटलं नाही. सईनं मला परसात गाठलं. डोळे लाल. म्हणाली, "बाबा, लोलानं विचारलं मला, तुझ्या आजीला आमचं घर पसंत नाही का म्हणून. उद्या तिच्याकडे जेवायला जायचंय. आजी तिथंही दशमी खाणार असेल तर मी इथं आयुष्यभर कोणत्या तोंडानं राहू?"

आई, माझी लेक असं कधी बोलत नाही. ती माझ्यासारखी फुगवून सांगत नाही आणि तुमच्यासारखं कापूनही सांगत नाही. ती होतं तेवढंच सांगते. म्हणून मी त्या दुपारी तुम्हाला उसाच्या रानात फिरायला नेलं. तुम्ही एक कांडं मोडलंत, दातानं सोललंत आणि चोखून निकाल दिलात की गोडी आहे, पाणी जास्त झालंय. तोडणीला आलेले गडी थांबून बघत राहिले. ऊस रानातला होता, कोणाच्या घरातला नव्हता, म्हणून तुमच्या नियमात बसत होता. तेवढ्यात मी माझी वकिली सुरू केली. उद्याचं घर सईचं नाही, सईच्या सासूचं नाही, ते जोएलच्या आजीचं, वेगळ्या चुलीचं घर आहे. शिवाय मधे अख्खा समुद्र आहे. इतक्या लांब आपले नियम पोचत नाहीत.

तुम्ही चोथा थुंकलात. "पाव्हणं, नियमाला पासपोर्ट लागत न्हाय."

म्हणून दुसऱ्या दिवशी ते घडलं. लोलाच्या अंगणात केळीची पानं जोडजोडून मांडलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पानांवर मधोमध भाताचा बांध. मी हडपसरपासून स्वारगेटपर्यंत म्हणणार होतो, पण असू दे. गवती चहा लावून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, मासे, कोळंबी, आंब्याच्या फोडी. आणि आपल्यासाठी मुद्दाम तुरीचे दाणे आणि कच्च्या फणसाची आमटी. ते लोक त्यात डुकराचं मांस घालतात, तुमच्यासाठी लोलानं ते वगळून स्वतः रांधलं होतं. सगळे दोन्ही बाजूंनी उभे. तुम्ही आणि लोला, दोघींना मधोमध खुर्च्या. आणि तुम्ही शेवटची दशमी काढलीत. मग शोभा ओरडली. मग आमेन झालं.

मग मी तोंड उघडलं. जोएलला म्हटलं, आता सगळ्यांना खरं काय ते सांग. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आमची माणसं जेवत नाहीत. हा अपमान नाही, हा मान आहे. गंमत अशी, की आल्यापासून मी त्या लोकांना इतक्या थापा मारल्या होत्या (हिंजवडीहून संध्याकाळी निघालेला माणूस घरी पोचेस्तोवर त्याचं मूल बालवाडीत जातं, ही त्यांची लाडकी), की या खऱ्या गोष्टीवर सगळे खो खो हसले. सईला रडत रडत शपथ घ्यावी लागली की या वेळी बाबा खरं बोलतोय.

लोला हसली नव्हती. ती जोएलचं नीट ऐकत होती. तुमच्याच वयाची, तुमच्याएवढीच, पण वाळलेल्या शेंगेसारखी हलकी. तिनं आपल्या पुढ्यातलं पान हातानं बाजूला सारलं आणि काहीतरी म्हणाली. जोएल म्हणाला, "लोला म्हणते, नियम छान आहे. आमचाही आहे. पाहुणी जेवत नाही तोवर म्हातारी जेवत नाही."

आणि म्हातारी जेवत नाही तोवर त्या घरात कोणीच जेवत नाही, हे आम्हाला मागाहून कळलं.

तुम्ही लोलाकडे पाहिलंत. हातातली दशमी पिशवीत परत ठेवलीत. शोभा म्हणाली, आता हे काय. तुम्ही म्हणालात, "ती बसलीया उपाशी. मी कशी खाऊ?"

झालं. दोन देशांचं उपोषण शेजारी शेजारी बसलं. भात निवायला लागला. कोंबडीच्या वासानं गल्लीतली कुत्री रांग लावून सभ्यपणे बसली. माणसं पानाकडे बघायची, मग तुमच्याकडे, मग आभाळाकडे. ज्या काकू आमेन म्हणाल्या होत्या त्या आता दुसरी, जरा लांबलचक प्रार्थना म्हणायला लागल्या. मी निखारे नीट आहेत का ते बघायच्या निमित्तानं मागच्या बाजूला गेलो आणि आलो. निखारे उत्तम होते. एक तंगडी कमी झाली, पण कोणाच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटलं.

इथून पुढचं निम्मं करू नका, आई. हे मी जसंच्या तसं सांगतोय.

लोलाचा हात मांडीवर होता तो थरथरायला लागला. तुम्ही तो सगळ्यांच्या आधी पाहिलात. वरच्या ओठावर घाम आलेला पाहिलात. मामांना, तुमच्या मालकांना, साखरेचा आजार होता. जेवणाआधीची इन्शुलिनची सुई टोचून घ्यायची आणि जेवायला उशीर झाला की काय होतं, हे तुम्ही अनेक वर्षं घरात बघितलेलं. तुम्ही कोणाला काही विचारलं नाहीत. पानाच्या कडेला वाटीत त्यांची तांबडी साखर होती, ढेकळं धरलेली, आपल्या गुळाची धाकटी बहीण. तुम्ही त्यातला एक खडा उचललात आणि लोलाच्या ओठांशी नेलात.

लोलानं तोंड मिटून घेतलं. तुमचं मनगट धरलं. हात थरथरत होता, पण धरलं घट्ट, आणि मानेनं तुमच्याकडे खूण केली. आधी तू.

विहीणबाई रडायला लागल्या, जोएल "लोला, लोला" करायला लागला. तुम्ही त्या म्हातारीच्या डोळ्यांत बघत होतात. मग तुम्ही दुसऱ्या हाताच्या चिमटीत तो खडा मोडलात. निम्मा आपल्या तोंडात टाकलात, निम्मा तिच्या. तिनं तोंड उघडलं.

मग तुम्ही भाताच्या बांधाला हात घातलात, त्यावर तुरीची आमटी ओढलीत, कालवलंत, पहिला घास तिला भरवलात आणि दुसरा स्वतः घेतलात. लोलाचा हात हळूहळू थांबला. आणि मग जे सगळे तुटून पडले, त्याचं वर्णन मी करत नाही, कारण त्याचं खरंच निम्मं करावं लागेल.

संध्याकाळी मी म्हटलं, "आई, मोडला की नियम."

"औषिदाला नियम नसतो."

"साखरेचा खडा औषध, मान्य. पण तीनदा फणस घेतलात, ते?"

"पथ्य," तुम्ही म्हणालात.

हा वाद आपण अर्धाच सोडला. मी शेवटपर्यंत म्हणत राहिलो की मोडला आणि तुम्ही म्हणत राहिलात की न्हाय. आता तुम्ही नाही, म्हणजे मी जिंकायला हवं होतं. पण घरात एकट्यानं वाद जिंकून दाखवा बरं.

नंतरचे दिवस, आई, त्यांच्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. तुम्ही प्रत्येक घरी जेवलात. आधी ज्यांच्याकडे धपाटं खाल्लं होतं त्यांच्याकडे परत जाऊन जेवलात, म्हणजे त्यांना डावं वाटायला नको. तांबडी साखर भरून तव्यावर भाजलेली पोळी त्यांनी दिली तेव्हा तुम्ही ती उलटीपालटी करून पाहिलीत आणि म्हणालात, "गुळपोळी हाय. तूप विसरल्यात." आणि शोभाकडून लोणी कढवून घेऊन त्या बेटाला तूप शिकवलंत. समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिलात, लुगड्याचा काठ भिजू दिलात, आणि सूर्य बुडेपर्यंत एकच वाक्य बोललात: "पाणी लई हाय." लोला वाळूत खुर्ची टाकून बसली होती. तुम्ही मराठीत बोलायचात, ती तिच्या भाषेत, आणि दोघी मिळून आम्हाला हसायचात. मी एवढी भाषणं ठोकून जे जमवू शकलो नाही, ते तुम्ही अर्ध्या खड्यात जमवलंत. माझी लेक त्या घरात मान वर करून वावरते, ती त्या दुपारपासून.

तुम्ही गेल्याचं सईनं लोलाला सांगितलं. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी पान वाढून ठेवतात, आपल्यासारखंच. व्हिडिओवर मी पाहिलं. केळीचं पान, भात, तुरीची आमटी, आंब्याची फोड, आणि कडेला तांबड्या साखरेचा निम्मा खडा. दुसरा निम्मा लोलाच्या गालात होता.

आणि परवा तुमचा तेरावा झाला. पंगती उठल्या, गावकरी जेवले, भावकी जेवली, वाढपी जेवले. मी उभाच. शोभानं येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मेहुण्यांनी विचारलं, दाजी, बरं वाटत नाही का? माझं पोट ओरडत होतं, हडपसरला ऐकू जाईल इतकं. म्हटलं, होऊ द्या सगळ्यांचं. मग आचाऱ्यासोबत, सगळ्यांच्या शेवटी, एका पानावर बसलो.

का, ते मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे.

फिलिपाईन्सहून परतल्यावर तुम्हाला मांजरीला सोडायला मीच आलो होतो. ओट्यावर बसलो. तुम्ही आतून चहा आणलात, आणि तो रिकामा तांब्या उन्हात उपडा घातलात. जे मला इतकी वर्षं विचारायचं होतं आणि ज्याचा मी नेहमी विनोद करून टाकला, ते त्या दिवशी मी न फुगवता विचारलं. म्हटलं, "आई, खरं सांगा. आमच्या घरी सई होईपर्यंत तुम्ही पाण्याचा घोट घेतला नाहीत. मला ते लागायचं. आणि त्या म्हातारीसाठी एका दुपारी मोडलंत. तिच्यात असं काय होतं, जे माझ्या घरी नव्हतं?"

तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकर घातलीत.

"तुमी जेवून घ्यायचा."